एक गल्ली धरा: नागपूरच्या जुन्या इमारती नोंदवायच्या अन् जपायच्या कशा

नागपूरच्या जुन्या इमारतींचा विषय निघाला की सगळे झिरो माइल, सीताबर्डीचा किल्ला, हायकोर्ट, दीक्षाभूमी ही नावं घेतात अन् विषय तिथेच संपतो. या जागांकडे बघायला निदान कोणीतरी आहे, किल्ला आर्मीकडे आहे, हायकोर्टात रोज कामकाज चालतं, दीक्षाभूमीला दरवर्षी लाखो लोक येतात. खरी चिंता आहे ती महाल, इतवारी, हंसापुरी, जुनी शुक्रवारी इकडच्या वाड्यांची, सिव्हिल लाइन्समधल्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, बंगल्यांची, धंतोली-धरमपेठकडच्या गोल बाल्कनीवाल्या घरांची. ही घरं एकेक करून पडत चालली आहेत, अन् कोणतं घर कधी गेलं हे दोन वर्षांनी शेजाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. म्हणून हे सगळं त्या घरांसाठी लिहितोय, सामान्य माणसाला सुट्टीच्या दिवशी करता येईल असं, आर्किटेक्ट असायची गरज नाही.

पहिलं म्हणजे पूर्ण शहराचा प्लॅन करू नका, एकच गल्ली धरा. शक्यतो अशी जिथे तुमची ओळख आहे, मामाचं घर, जुनी शाळा, आजोबांचा कायमचा टेलर, काहीही चालेल. अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन वाड्यासमोर उभा राहिला की लोकांना वाटतं बिल्डरचा माणूस आला किंवा रोड रुंदीकरणाचा सर्व्हे आला, अन् दार बंद. ओळखीचा माणूस सोबत असला की चहा येतो अन् वरच्या माळ्यावरची पेटी पण उघडते. एका गल्लीतली वीस घरं नीट नोंदवली तर ते शहरभर फिरून काढलेल्या हजार फोटोंपेक्षा जास्त कामाचं आहे असं माझं पक्कं मत आहे.

जायच्या आधी शहराचे थर डोक्यात ठेवा म्हणजे काय बघतोय ते कळतं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास इथल्या बारा छोट्या वस्त्या जोडून नागपूर वसवलं, मग चांद सुलतानने गावाला कोट घातला अन् जुम्मा तलाव बांधला, तोच आजचा गांधीसागर, अन् त्या कोटाचा जुम्मा दरवाजा म्हणजे आपण रोज ज्याच्या खालून जातो ते गांधी गेट. १७४३ मध्ये रघुजी भोसल्यांच्या हातात कारभार आला अन् महालाचं आजचं रूप त्या काळात घडलं. नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले अन् इंग्रजांनी राज्य खालसा केलं, १८६१ ला मध्य प्रांत झाला अन् नागपूर त्याची राजधानी. मग बंगले, ऑफिसं, चर्च, १८६३ चा अजब बंगला, १९२५ चं आजचं रेल्वे स्टेशन, १९४० ची हायकोर्टाची इमारत जी हेन्री मेड या आर्किटेक्टने केली. १९५६ ला राजधानीपण गेलं. म्हणजे तुम्ही महालातून चालत सिव्हिल लाइन्सला गेलात तर दोन-अडीचशे वर्षं पायाखालून जातात.

आता घराचं वय कसं ओळखायचं. पाटी असेल तर सोपं आहे पण बहुतेक घरांना नसते. जिथे गिलावा निघालाय तिथे विटा बघा, पातळ चपट्या विटा अन् मधे चुन्याचा जाड थर असेल तर घर जुनं. सागवानी खांब, त्यावर तुळईला आधार देणारे कोरलेले हस्त, लाकडी महिरपी, बारीक दिंडीचा (आत छोटं दार असलेला) मोठा दरवाजा हे वाड्याचं काम. जाड मोठ्या विटा, लोखंडी गर्डर अन् दोन गर्डरच्या मधे विटांची बसकी कमान करून केलेलं छत, वर व्हेंटिलेटर, समोर खोल व्हरांडा हे इंग्रजी काळातलं. सिमेंटचे छज्जे, गोल कोपरे, प्लास्टरमध्येच उठवलेलं 'श्री' किंवा साल दिसलं की ते बहुतेक १९३० नंतरचं. पण एक लक्षात ठेवा की एकाच घरात हे तिन्ही सापडतात, खाली भोसलेकालीन जोतं, वर इंग्रजी काळातला मजला अन् पुढे साठ-सत्तरच्या दशकातलं दुकान, त्यामुळे पूर्ण घराला एकच साल चिकटवू नका, कोणता भाग कोणत्या काळचा वाटतो अन् काऊन वाटतो ते लिहा.

फोटो अन् मोजमाप

फोटो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी काढा, ऊन तिरपं असतं अन् कोरीवकाम उठून दिसतं, अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत कोणी तुमच्यासोबत उभं पण राहणार नाही. आधी पूर्ण दर्शनी भाग सरळ समोरून, फोन वर न झुकवता. गल्ली अरुंद असते, पूर्ण घर एका फोटोत बसत नाही, तर समोरच्या घराच्या गॅलरीत जायची परवानगी मागा, किंवा तुकड्या-तुकड्याने काढा पण प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान अर्धा भाग यायला पाहिजे, म्हणजे पुढे कोणाला ते जोडता येतील अन् त्यावरून थ्रीडी मॉडेल पण करता येईल. मग गल्लीच्या दोन्ही टोकांकडून घर कसं दिसतं ते, कारण घर एकटं नसतं, शेजारच्या घराचे छज्जे अन् ओटे मिळून गल्ली होते. मग बारकावे: कडी-कोयंडा, खांबाचा पाया, गजांची नक्षी, जिन्याची पायरी जिथे झिजली तिथे. बारकाव्याच्या फोटोत बाजूला एक साधी फूटपट्टी ठेवा, तिच्याशिवाय खांब सहा इंची की दहा इंची हे पुढे कोणालाच कळत नाही.

मोजायला टेप घ्या, लेझरवालं मीटर असेल तर उत्तम. खोलीच्या चार भिंती मोजल्या की झालं असं समजू नका, दोन्ही कर्ण पण मोजा, जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात अन् कर्ण नसेल तर नकाशा कागदावर बंद होत नाही. वाड्यात खण मोजा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, एकदा तो खण सापडला की पूर्ण घराचा हिशोब कळायला लागतो. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजता येते. कागदावर पेन्सिलने कच्चा नकाशा काढा, उत्तर दिशा टाका, देवघर, विहीर, चौक, मोरी, न्हाणी कुठे ते लिहा.

मोजमापावर माझा एवढा जोर आहे त्याचं कारण सांगतो. महालातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता अन् त्यात लाकडाचं भरगच्च कोरीवकाम होतं, १८६४ च्या आगीत तो जळाला, मोठं प्रवेशद्वार तेवढं उरलं. लाकूडकाम एकदा गेलं की परत करायला आधार फक्त नोंदींचा असतो. अन् आजच्या वाड्यांना तर आगीसोबत वाळवी, लोंबकळणारं वायरिंग अन् गळकं छप्पर हे तिन्ही लागलेले आहेत.

काही गोष्टी करू नका. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे अन् १५ ऑगस्टला उघडतात, तेव्हा जा, आत फोटोचं काय ते तिथल्या जवानांना विचारा अन् सांगतील तसं करा. त्या बाजूला ड्रोनचा विचार पण नको. कोणाच्या घरातले दागिने, तिजोरी, कुलपं दिसतील असे फोटो कुठे टाकू नका, अन् घरमालकाचं नाव अन् घर नंबर पब्लिकमध्ये नको, तुमच्या वहीत ठेवा.

म्हाताऱ्या माणसांशी बोला, अन् लवकर बोला

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे अन् लोक हाच शेवटी ठेवतात. इमारत अजून पाच-दहा वर्षं उभी राहील पण त्या घरातली नव्वदीची आजी तेवढं थांबेल याची खात्री नाही. "पूर्वी कसं होतं हो काकाजी?" असं विचारलं तर "पूर्वी खूप चांगलं होतं" एवढंच उत्तर येतं, त्याचा उपयोग नाही. वस्तूला धरून विचारा. पाणी कुठून भरायचे, विहिरीवर कोणाकोणाला येऊ द्यायचे, कवेलू फेरायला कोण यायचं, लाइट कधी आली, तान्हा पोळ्याला (पोरांच्या लाकडी बैलांचा सण) नंदी कोणत्या चौकात आणायचे, मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक कोणत्या गॅलरीतून बघायचे. काळी मारबत १८८१ पासून निघते म्हणतात, म्हणजे इतवारीकडच्या कितीतरी गॅलऱ्यांनी ती चार-पाच पिढ्या बघितली आहे. या गॅलऱ्यांमधे कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं असायचं, बायका वर, पोरं कठड्याला, पाहुणे कोणाकडे उतरायचे, हे सगळं विचारा, कारण गॅलरी पाडली की हे आपोआपच कोणी सांगेनासं होतं.

साल आठवत नसेल तर मोठ्या घटनेला धरून विचारा. "१९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली तेव्हा हा वरचा मजला होता का?" असं विचारलं की आजी लगेच सांगते, नाही, तेव्हा तर गच्ची होती अन् बाहेरगावचे लोक गच्चीवर झोपले होते. असं एक वाक्य मिळालं की मजल्याचं वय पण मिळालं अन् त्या दिवसाची एक आठवण पण मिळाली.

एम्प्रेस मिल या कापड गिरणीचं उदाहरण घ्या. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ती सुरू केली, शहराच्या कितीतरी पिढ्या तिच्यावर जगल्या, २००२ च्या सुमारास ती कायमची बंद पडली अन् आज त्या जागेवर मॉल अन् टॉवर आहेत. इमारत गेली पण साच्यावर काम केलेली माणसं अन् त्यांची मुलं अजून शहरात आहेत. भोंगा किती वाजता व्हायचा, कोणत्या पाळीला कोणतं गेट, डबे घेऊन कोण यायचं, पगाराच्या दिवशी गेटबाहेर काय बाजार भरायचा, खात्याखात्यात आवाज कसा वेगळा असायचा, हे कागदावर नकाशा काढत काढत त्यांच्याकडून भरून घेता येतं. पाडलेल्या इमारतीचं पण काम करता येतं हे विसरू नका. बंद झालेल्या नागपूर-नागभीड नॅरोगेजच्या (अरुंद रुळांच्या रेल्वेच्या) स्टेशनांचं पण तसंच, इंजिनं अन् सामान मोतीबागच्या रेल्वे म्युझियममध्ये बघायला मिळतं पण त्या गाडीने शाळेत जाणारी पोरं आता साठीला आली, त्यांना कोण विचारणार.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो, फक्त एअरप्लेन मोडवर टाका अन् कूलर-पंखा बंद करायला सांगा, नाही तर नंतर काहीच ऐकू येत नाही. आधी परवानगी विचारा अन् ती परवानगी रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. भाऊबंदकीच्या, वाटणीच्या गोष्टी निघतील, निघतातच, त्या तुमच्याकडेच ठेवा.

कागद

घरातले कागद बघू दिले तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नझुलाचे, म्हणजे सरकारी जागेचे, जुने पट्टे, टॅक्स पावत्या, भाडेचिठ्ठ्या हे बघा, यात नावं अन् तारखा सापडतात. पण घराचं रूप सापडतं ते लग्नाच्या अल्बममध्ये. नवरी-नवरदेव ओट्यावर उभे असतात अन् मागे पूर्ण दर्शनी भाग आलेला असतो, जुने गज, जुना रंग, आता नसलेला जिना. असे फोटो जागेवरच मोबाइल स्कॅनरने घ्या, जमलं तर ६०० डीपीआयने स्कॅन करा, पण अल्बम घराबाहेर नेऊ नका. अन् जुने कागद लॅमिनेट करू नका कोणी कितीही म्हटलं तरी, उष्णतेने अन् प्लास्टिकने कागद कायमचा खराब होतो. १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, तुमच्या भागाबद्दल त्यात काय आहे ते एकदा बघून घ्या.

डागडुजी करताना

मालकाला दुरुस्ती करायची आहे अन् तो तुम्हाला विचारतोय, तर पहिलं उत्तर एकच: आधी पाणी थांबवा. पावसाळ्याच्या आधी कवेलू फेरून घ्या, पन्हाळी साफ करा, गच्चीवर पाणी कुठे साचतं बघा. बहुतेक जुनी घरं भूकंपाने वगैरे नाही, गळतीने पडतात. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर तो ओढून काढू नका, मूळ विटा घेऊनच बाहेर येतं. बुंधा कापा, मूळ मरेल असं औषध जाणकाराकडून लावून घ्या अन् पूर्ण वाळल्यावरच ती जागा चुन्याने भरा.

चुन्याने म्हटलं, सिमेंटने नाही, अन् यावर मी अडून बसतो. जुन्या भिंती चुन्याच्या आहेत, त्या पावसात ओल घेतात अन् उन्हाळ्यात बाहेर सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, क्षार विटेत जमतात अन् दोन-चार पावसाळ्यांत विटेचा भुगा होऊन गिलाव्याच्या मागून पडायला लागतो, वरून मात्र भिंत नवी दिसते. परत सिमेंट कडक असतं अन् आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यात तापमानाचा एवढा फरक की जुनी भिंत जेवढी हलते तेवढं ते हलत नाही, मग तडे. चुना विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवावा लागतो, त्यात वाळू किंवा विटेची सुरखी म्हणजे भुकटी, जुने कारागीर गूळ, बेलफळाचं पाणी पण टाकायचे. नवा गिलावा ओल्या गोणपाटाने झाकून हळूहळू वाळू द्यायचा, मे महिन्यात तर हे काम काढूच नका. चुन्याचं काम येणारा मिस्त्री शोधायला वेळ लागतो, जुन्या देवळांचं काम केलेल्यांकडे चौकशी करा, अन् सापडला तर त्याचं काम पण व्हिडिओत घ्या, कारण तो पण एक ठेवा आहे.

दगडाला ऑइल पेंट नको, सँडब्लास्टिंग नको, जोत्याला ग्रॅनाइटच्या टाइल्स नको. वायरिंग मात्र आधी बदला, लाकडी घरात ते सगळ्यात धोक्याचं.

पाडायची वेळ आली तर

मालकाला व्हिलन करू नका हो. वरून गळतं, भाडं शंभर-दोनशे रुपये येतं, चार भावांत नाव आहे, मुलं पुण्याला, त्याने काय करावं. त्याच्याशी बोलायला बसाल तर काहीतरी हातात घेऊन बसा. शहराची हेरिटेज यादी आहे, त्यात ग्रेड आहेत, ग्रेड एकमध्ये जवळजवळ काहीच बदलता येत नाही, दोनमध्ये आतून थोडं, तीनमध्ये आणखी मोकळीक असते. यादीतल्या इमारतीच्या मालकाला जे बांधकाम करता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळायची तरतूद नियमात आहे, अन् हे बऱ्याच मालकांना कोणी सांगितलेलंच नसतं. महानगरपालिकेच्या नगर रचना विभागात जाऊन आपली इमारत यादीत आहे का, कोणत्या ग्रेडमध्ये, हे आधी काढा. नीट उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न छोटे अन् नेमके ठेवा: अमुक इमारत यादीत आहे का, कोणत्या तारखेच्या बैठकीत विषय आला, बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्या.

यादीत नसलेल्या इमारतीसाठी हेरिटेज कन्झर्वेशन कमिटीला अर्ज देता येतो, अन् तिथेच तुमची सगळी मेहनत कामी येते. "इमारत जुनी आहे, वाचवा" असा अर्ज एका मिनिटात बाजूला पडतो. पण नकाशा, खणाचं माप, पंधरा नीट फोटो, १९५६ च्या आधीचा लग्नाचा फोटो, दोन म्हाताऱ्यांच्या सांगण्याचा लेखी उतारा असं जोडून दिलं तर त्यावर निदान लेखी उत्तर मागता येतं. वारसा जपण्याचं काम करणाऱ्या इंटॅक संस्थेचं नागपूर चॅप्टर आहे, व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात आर्किटेक्चर विभाग आहे, अशा ठिकाणी मदत मागा, विद्यार्थ्यांना मोजमापाचा प्रोजेक्ट लागतोच.

धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर घाबरून लगेच पाडायला होकार देऊ नका, जुन्या बांधकामाचं काम केलेल्या इंजिनिअरकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. टेकू लावून वाचण्यासारखं असतं बरेचदा. पण खरंच पडायला आलं असेल तर माणसं आधी बाहेर काढा, यात वाद नको. अन् पाडणं नक्कीच झालं तर पाडायच्या आधी एक दिवस मागून घ्या, राहिलेले फोटो काढा, खांब-दारं भंगारात जाऊ नयेत म्हणून मालकाशी बोला अन् कोणता खांब कुठला होता ते त्यावर खडूने लिहून ठेवा. खोदकामाकडे पण लक्ष ठेवा, कस्तुरचंद पार्कात खोदताना जुन्या तोफा निघाल्या होत्या, तर महालात जोत्याखाली काय निघेल सांगता येत नाही. काही निघालं तर काम थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवा.

शेवटी हे सगळं ठेवायचं कुठे. एकाच फोनमध्ये नको, फोन हरवतो. एक हार्ड डिस्क, एक ऑनलाइन, एक दुसऱ्याच्या घरी. फाइलचं नाव तारीख, गल्ली, घर, दिशा असं ठेवा, 'फोटो नवीन दोन' असं नाही. बाहेरून काढलेले चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाका, जागा ओपनस्ट्रीटमॅपवर जुन्या नावासकट टाका, म्हणजे दुसऱ्या कोणाला पण वापरता येईल. अन् ज्या घरातून घेतलं त्या घरात एक प्रिंट अन् नकाशाची एक कॉपी नेऊन द्या, हे चुकवू नका, पुढच्या वेळी गल्लीतली बाकी दारं त्यामुळेच उघडतात. प्रिंटच्या मागे तारीख, जागा अन् कोणी सांगितलं ते पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई काही वर्षांनी समोरून उमटते.